इंजिन उघडून पुन्हा बांधल्यावर स्नोमोबाइलचे कूलंट कमी होते: गळती शोधण्याची पद्धत

हे टिपण दोन सिलिंडरच्या, कूलंटवर (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवावर) थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक स्नोमोबाइलपुरते आहे. ऑन्टारिओच्या उत्तर भागात, क्वेबेकमध्ये किंवा मिनेसोटात जुनी स्नोमोबाइल बाळगणाऱ्या बहुतेकांच्या शेडमध्ये असेच एखादे यंत्र असते. शरद ऋतूत मालक घरच्या घरी पिस्टन, रिंग आणि सगळी गॅस्केट बदलतो, पहिला बर्फ पडल्यावर गाडी बाहेर काढतो आणि दोन-तीन फेऱ्यांतच कूलंटच्या बाटलीतली पातळी खाली गेलेली दिसते. शेजारीपाजारी आणि ओळखीचे लोक या तक्रारीने यंत्रे घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांनी हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरचे झाकण म्हणजे हेड, यांच्यामधले सील) फुटल्याचा निष्कर्ष आधीच काढलेला असतो. तो कधी खरा असतो, पण बऱ्याचदा खरा नसतो. हेड उघडण्याआधी करण्यासारख्या स्वस्त तपासण्या इतक्या आहेत, की त्या सोडून थेट पान्हा हातात घेणे मला पटत नाही.

लक्षणे

सगळ्यांत जास्त आढळणारे लक्षण म्हणजे पातळी उतरते, पण जमिनीवर एक थेंबही दिसत नाही. दुसरे लक्षण सकाळच्या थंडीतले आहे. रात्रभर उणे वीस-पंचवीस अंशांत उभ्या राहिलेल्या गाडीखालच्या प्लॅस्टिकच्या तळात हिरवे किंवा गुलाबी थेंब साचलेले असतात, आणि इंजिन गरम झाले की गळती आपोआप थांबते. तिसऱ्या प्रकारात इंजिन पुरते तापल्यानंतरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहतो आणि दोनपैकी एक स्पार्क प्लग नुकताच वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ निघतो. चौथ्या प्रकारात थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांतच वरची रबरी नळी दगडासारखी कडक होते, बाटलीत बुडबुडे उठतात आणि कूलंट बाहेर फेकले जाते. क्रँककेसच्या (सिलिंडरखालच्या, क्रँकच्या दांड्याभोवतालच्या कप्प्याच्या) खालच्या अंगाला, वॉटर पंपाखाली असलेल्या एका बारीक भोकातून सतत थेंब पडणे हे पाचवे लक्षण. शेवटचे सर्वांत गंभीर आहे: सुरू करण्याची दोरी ओढताना ती मध्येच भिंतीला आपटल्यासारखी अडते. असे झाले तर पुढे एकही झटका न देता खालचा 'कुठे थांबावे' हा भाग आधी वाचावा.

दोन गोष्टी गळतीसारख्या दिसतात, पण गळती नसतात. कडाक्याच्या थंडीत प्रत्येक एक्झॉस्टमधून पांढरी वाफ निघते, आणि तापलेल्या पाइपवर वितळणाऱ्या बर्फाचीही वाफ होते. केवळ पांढरा रंग पाहून घाबरू नये. तसेच एक्झॉस्टच्या सांध्यातून ओघळणारा काळपट, चिकट द्रव म्हणजे न जळलेले टू-स्ट्रोक तेल असते. तो बोटावर चोळला की तेलकटपणा लगेच कळतो. कूलंट पाण्यासारखे पातळ असते आणि वाळल्यावर रंगीत, किंचित चिकट डाग ठेवते. चव घेऊन खात्री करण्याचा विचारही करू नये, कारण कूलंटमधले एथिलीन ग्लायकोल विषारी आहे. त्याच्या गोडीमुळे कुत्री-मांजरे ते चाटतात आणि थोड्याशा प्रमाणानेही दगावू शकतात, म्हणून तपासणी चालू असताना खालचे भांडे उघडे ठेवू नये.

आधी हवा, मग गळती

बांधणीनंतर कूलंट भरताना यंत्रणेत हवा अडकणे जवळजवळ अटळ असते. मोटारीत रेडिएटर इंजिनाच्या शेजारी असतो. स्नोमोबाइलमध्ये मात्र कूलंट मागच्या टनेलखालच्या (टनेल म्हणजे गाडी ढकलणाऱ्या रबरी पट्ट्यावरचा, सीटखालचा बोगदा) लांब अॅल्युमिनियमच्या हीट एक्सचेंजरमधून फिरून परत येते, आणि या लांब वाटेत हवेला दडून बसायला पुष्कळ जागा मिळते. ती हवा इंजिन तापल्यावर हळूहळू सुटते आणि तिची जागा बाटलीतले कूलंट घेते, त्यामुळे पहिल्या एक-दोन तापण्या-निवण्यांत पातळी उतरणे स्वाभाविक आहे. बाटली ज्या बाजूला आहे ती बाजू उंच करावी, हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो उघडून फक्त द्रव येईपर्यंत थांबावे, मग इंजिन तापवून पूर्ण निवू द्यावे आणि थंड अवस्थेतच पातळी भरून बाटलीवर चिकटपट्टीची खूण करावी. नंतर प्रत्येक वेळी थंड असतानाच त्या खुणेशी तुलना करावी, कारण गरम पातळीची थंड पातळीशी तुलना करून काहीच कळत नाही. इंजिन तापल्यावर टनेलच्या मागच्या टोकाला हात लावून पाहावा. पुढचा भाग गरम आणि मागचा गारठलेला असेल, तर कूलंट अजून फिरत नाही, हवा आतच आहे.

याच टप्प्यावर आणखी एक फसगत होते. शेडमध्ये स्टँडवर उभी करून गाडी बराच वेळ चालवली, तर हीट एक्सचेंजरवर बर्फ उडत नाही. हे हीट एक्सचेंजर पट्ट्याने उडवलेल्या बर्फावरच थंड होतात, त्यामुळे बर्फ नसेल तर तापमान वाढत जाऊन कूलंट उकळते आणि बाटलीतून बाहेर पडते. लोक त्याचा दोष गॅस्केटला देतात. उघड्या टणक बर्फावर किंवा रस्त्याच्या कडेने गाडी नेल्यावरही हेच घडते. चाचणी थोड्या वेळाची ठेवावी, टनेलखाली मधून मधून बर्फ टाकावा, आणि पट्टा फिरत असताना गाडीच्या मागे कोणालाही उभे राहू देऊ नये.

झाकण आणि मिश्रण

दाबाचे झाकण हा सगळ्या यंत्रणेतला सर्वांत स्वस्त भाग, पण बांधणीच्या वेळी तो क्वचितच बदलला जातो. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकोल असे मिश्रण साध्या हवेच्या दाबाला सुमारे 107 अंश सेल्सिअसला उकळते. दाबाचा प्रत्येक पीएसआय (दाब मोजण्याचे एकक) तो बिंदू साधारण दीड अंशाने वर नेतो, म्हणून 13 पीएसआयच्या झाकणाखाली तेच मिश्रण सव्वाशे अंशांपर्यंत तग धरते. झाकणाचे रबर कडक झाले असेल किंवा बाटलीच्या तोंडावर ओरखडा असेल, तर दाब टिकत नाही, कूलंट लवकर उकळते आणि पातळी उतरते, पण सांधा मात्र एकही गळत नाही. नवे झाकण घेताना त्यावरचा दाबाचा आकडा जुन्याइतकाच असल्याची खात्री करावी.

मिश्रण तपासण्याला त्याहूनही जास्त महत्त्व आहे. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा गोठणबिंदू उणे 37 अंशांच्या आसपास असतो. निव्वळ ग्लायकोल मात्र उणे 13 अंशांनाच गोठते, म्हणून जास्त घट्ट म्हणजे जास्त सुरक्षित हा समज चुकीचा आहे. खरा धोका उलट बाजूने येतो. इंजिन बांधल्यावर अनेकजण आतला भाग साध्या पाण्याने धुतात, ते पाणी हीट एक्सचेंजरच्या खोलगट भागात तसेच राहते आणि नंतर ओतलेले कूलंट तिथे पातळ होते. पहिल्या कडाक्याच्या रात्री तिथे बर्फ धरतो आणि अॅल्युमिनियमचा वेल्ड उकलतो. रिफ्रॅक्टोमीटरने (मिश्रणातले ग्लायकोलचे प्रमाण दाखवणाऱ्या छोट्या उपकरणाने) एक थेंब तपासायला मिनिटभरही लागत नाही. आकडा कमी आला तर सगळे कूलंट काढून, आधीच मिसळलेले तयार कूलंट भरावे.

नळ्या, पट्ट्या आणि थंडीतली गळती

थंडीत दिसणारी आणि गरम झाल्यावर थांबणारी गळती जवळजवळ नेहमी नळीच्या क्लॅम्पपाशी, म्हणजे नळी आवळणाऱ्या पट्टीपाशी, सापडते. रबर थंडीत आकसते आणि कडक होते, तर खोलीच्या उबेत स्क्रूने आवळलेली पट्टी आहे तितकीच राहते, त्यामुळे उणे पंचवीसला दोघांमध्ये केसाएवढी फट पडते. इंजिन तापले की रबर फुगून ती बुजते. म्हणून क्लॅम्प तपासायचा तो थंड शेडमध्ये, गारठलेल्या इंजिनावर. त्याला अर्धा फेरा देऊन रात्रभर वाट पाहावी. जास्त आवळल्यास पट्टी रबरात रुतून नळी कापते, म्हणून मी अशा जागी शक्यतो स्प्रिंगच्या पट्ट्या वापरतो, कारण त्या रबराबरोबर आकसतात.

पट्टी आवळूनही झिरपत असेल तर नळी काढून आतले अॅल्युमिनियमचे तोंड पाहावे. जुन्या यंत्रांत तिथे पांढरी खरखरीत पुटे धरलेली असतात, आणि त्यांच्यावर नवी नळीही बसत नाही. ती घासून काढावीत, आणि पट्टी तोंडाच्या उंचवट्याच्या मागे बसली आहे ना हे पाहावे. तापमानाचा सेन्सर, थर्मोस्टॅटच्या घराचे गॅस्केट, हवा काढण्याच्या स्क्रूखालचा तांब्याचा वायसर आणि काही मॉडेलमध्ये कार्ब्युरेटर उबदार ठेवण्यासाठी नेलेल्या बारीक नळ्या, या चार जागा इंजिन उतरवताना हाताखालून गेलेल्या असतात. त्या विसरू नयेत.

ओले दिसेल तिथे गळती आहे असे धरून चालू नये. कूलंट खाली ओघळते, आणि गाडी चालत असताना मागेही ढकलले जाते. सगळा भाग कोरडा पुसून त्यावर साधी टाल्कम पावडर भुरभुरावी आणि नंतर सर्वांत वरचा ओला ठिपका शोधावा.

दाबाची चाचणी

इथवर काही सापडले नाही, तर हातपंपाचा प्रेशर टेस्टर मागून किंवा भाड्याने आणावा. थंड इंजिनावर बाटलीच्या तोंडाला तो लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब द्यावा, त्याच्या पुढे जाऊ नये, आणि काटा किमान पंधरा मिनिटे स्थिर राहतो का ते पाहावे. इंजिन बंद असल्यामुळे पंखा, बेल्ट आणि उष्णता यांपैकी काहीच आड येत नाही, आणि टॉर्चने प्रत्येक सांधा निवांत पाहता येतो. सिलिंडर आणि क्रँककेस यांच्यामधला सांधा, हेडची कड, पंपाखालचे भोक आणि टनेलची आतली बाजू, या क्रमाने पाहावे. पट्ट्याला धातूचे खिळे लावले असतील तर टनेलमध्ये डोकावणे अनिवार्य आहे. पट्टा सैल असला की ते खिळे हीट एक्सचेंजरला घासतात, आणि तिथे पडलेल्या भोकाचा इंजिनाच्या बांधणीशी काडीचाही संबंध नसतो.

काटा उतरतो, पण बाहेर सगळे कोरडे आहे, तर कूलंट आत जाते आहे. तेव्हा दोन्ही स्पार्क प्लग काढावेत, दाब तसाच ठेवून तासभर थांबावे, मग इग्निशन बंद असल्याची खात्री करून दोरी अगदी सावकाश ओढावी. प्लगच्या भोकातून तुषार उडाला तर तो सिलिंडर सापडला. बारीक कॅमेरा मिळाल्यास पिस्टनचा माथाही पाहावा. कूलंट पडलेला माथा काजळीविना लखलखीत दिसतो, शेजारचा काळा असतो.

हेड की तळ

हा प्रश्न हेड उघडण्याआधी सोडवता येतो, आणि तो सोडवला नाही तर अर्धे काम वाया जाते. हेडच्या सांध्यावर ज्वलनाचा दाब येतो, आणि तो कूलंटच्या दाबाच्या कित्येक पट असतो. त्यामुळे तिथे फट असेल तर इंजिन चालू असताना वायू कूलंटमध्ये घुसतो, बाटलीत बुडबुडे येतात, नळी लगेच कडक होते, आणि इंजिन बंद केल्यावर उलट दिशेने कूलंट सिलिंडरमध्ये उतरते. तळाच्या, म्हणजे सिलिंडर आणि क्रँककेसमधल्या, गॅस्केटखाली मात्र क्रँककेसचा जेमतेम काही पीएसआयचा दाब असतो. तिथून गळती झाली तर बुडबुडे फारसे दिसत नाहीत, कूलंट गुपचूप खाली क्रँककेसमध्ये जाते. टू-स्ट्रोकच्या दोन सिलिंडरचे क्रँककेस आतून वेगवेगळे असल्यामुळे बहुधा एकाच बाजूवर परिणाम दिसतो.

बुडबुड्यांविषयी शंका असेल तर ज्वलनवायू ओळखणारा निळा द्रव मिळतो. बाटलीतली हवा त्यातून ओढल्यावर तो पिवळा झाला तर हेडचा दोष पक्का. हवा काढण्याचे काम नीट झाल्यानंतरच ही चाचणी करावी, कारण अडकलेली साधी हवाही बुडबुडेच काढते आणि डोळ्याला दोन्हींत फरक करता येत नाही.

हेड उघडल्यावर

बांधणीनंतर हेड पुन्हा पुन्हा गळत असेल, तर मी सर्वांत आधी दोन सिलिंडरची एकमेकांशी असलेली पातळी आणि रेषा संशयाखाली घेतो. अनेक इंजिनांत सिलिंडर दोन वेगळे आणि त्यांच्यावर हेड एकच असते. सिलिंडर बसवून तळाचे नट लगेच पूर्ण आवळले, तर दोघे एकमेकांपासून किंचित तिरके बसू शकतात. मग वरचे हेड किंवा बाजूचा एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड त्यांना ओढून सरळ करू पाहतो आणि तो ताण गॅस्केटवर किंवा ओ-रिंगवर येतो. नवे गॅस्केट घातले की काही दिवस बरे चालते, मग गळती परत येते, आणि मालक गॅस्केटच्या दर्जाला बोल लावतो. योग्य क्रम असा: तळाचे नट हाताने घट्ट होतील इतकेच लावावेत, एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड लावून दोन्ही सिलिंडर एका रेषेत आणावेत, मगच तळाचे नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्ह्याने) आवळावेत, आणि त्यानंतर हेड बसवावे. काही उत्पादक यासाठी स्वतंत्र पट्टीही देतात. ज्याला हा क्रम माहीत नाही, त्याच्या हातून कितीही महागडे गॅस्केट टिकत नाही.

दुसरी जागा म्हणजे बोल्टची भोके. आरपार नसलेल्या भोकाच्या तळाशी थोडे कूलंट किंवा तेल राहिले, तर बोल्ट खाली जाताना ते दाबले जाते, रेंच 'टक' असा आवाज करून ठरलेला आकडा गाठल्याचे सांगतो, पण हेड प्रत्यक्षात दाबलेलेच नसते. कधी त्या दाबाने ओतीव भागाला तडाही जातो. प्रत्येक भोक पातळ चिंधीने आणि हवेने कोरडे करावे, आटे स्वच्छ करावेत. ज्या मॉडेलमध्ये बोल्ट कूलंटच्या कप्प्यातून जातात, तिथे बोल्टखालची ओ-रिंग किंवा सील असलेला वायसर दर वेळी नवाच लागतो.

त्यानंतर पृष्ठभाग. अचूक सरळपट्टी हेडवर लांबीने, रुंदीने आणि दोन्ही कर्णांवर ठेवून तिच्याखाली फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पाती) सरकवून पाहावा. वाकण्याची कमाल मर्यादा त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते, आणि ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजण्याइतकी लहान असते. मर्यादेच्या आत असलेला किरकोळ उंचसखलपणा जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, आठच्या आकड्याप्रमाणे हेड फिरवत काढता येतो. ओ-रिंगच्या खाचेत जुना मळ राहिला तर रिंग वर उचलली जाते, म्हणून खाच लाकडी काडीने साफ करावी. धातूच्या टोकाने ती खरवडू नये. बसवताना रिंगला ग्रीसचा पुसट हात दिला की ती खाचेतून निसटून चिमटीत सापडत नाही.

टॉर्कचा आकडा आणि बोल्टचा क्रम आपल्याच मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्यावा, दुसऱ्या इंजिनाचा आकडा उसना घेऊ नये. आवळणी दोन-तीन टप्प्यांत, मधून बाहेर, आडव्या-तिरप्या क्रमाने करावी. पहिल्यांदा तापून पूर्ण निवल्यावर पुन्हा आवळावे की नाही, हे मॅन्युअल सांगेल तसेच करावे. गॅस्केटवर सिलिकॉन फासण्याचा मोह अनेकांना होतो, पण तो जिथे सांगितलेला नाही तिथे लावल्यास सुटलेले तुकडे कूलंटच्या वाटेत जाऊन बसतात. गळती थांबवण्यासाठी बाटलीत ओतण्याच्या द्रवांबद्दलही माझे हेच मत आहे. हीट एक्सचेंजरच्या आणि हेडच्या अरुंद वाटा आधीच बुजायला टपलेल्या असतात.

पंपाखालचे भोक

वॉटर पंपाच्या दांड्यावर दोन सील असतात, एक कूलंट अडवणारे आणि दुसरे तेल किंवा क्रँककेस वेगळे ठेवणारे. दोघांमधल्या पोकळीतून खाली एक बारीक भोक काढलेले असते. एखादे सील निकामी झाले तर द्रव दुसऱ्या बाजूला न घुसता बाहेर पडावा, हा त्याचा हेतू. नवे सील बसताना सुरुवातीला एखाददुसरा थेंब येऊ शकतो. पण थेंब चालूच राहिले तर सील तिरके बसले आहे किंवा दांड्यावर जुन्या सीलची खाच पडली आहे असे समजावे. भोक बुजवणे हा उपाय नाही. ते बुजवले की कूलंटला आतल्या बाजूखेरीज वाट उरत नाही.

रोटॅक्स कंपनीच्या जुन्या रोटरी व्हॉल्व्ह (फिरत्या चकतीने इंधन-हवा आत घेणाऱ्या) इंजिनांत, उदाहरणार्थ 583 किंवा 670 मध्ये, पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारे पाते) रोटरी व्हॉल्व्हच्याच दांड्यावर असतो आणि त्या दांड्याला तेलाचा वेगळा कप्पा असतो. त्या तेलाचा रंग दुधाळ झाला तर कूलंट तिथे पोहोचले आहे. अशा वेळी गाडी चालवू नये.

कुठे थांबावे

दोरी मध्येच अडली तर सिलिंडरमध्ये द्रव साचलेला असण्याची शक्यता धरावी. द्रव दाबला जात नाही, जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढल्यावरही इंजिन हाताने सहज फिरत नसेल, तर तिथेच थांबून यंत्र जाणकाराकडे न्यावे.

क्रँककेसमध्ये कूलंट गेल्याची खात्री झाली तरही थांबावे. टू-स्ट्रोकमध्ये तेलाची टाकी खाली नसते, क्रँकच्या बेअरिंगना इंधनाबरोबर येणाऱ्या तेलाच्या पातळ थराशिवाय आधार नसतो. कूलंट तो थर धुऊन टाकते, आणि उघड्या पडलेल्या पोलादावर गंज लवकर धरतो. कूलंट बाहेर काढून, प्लगच्या भोकांतून आणि इनटेकमधून फॉगिंग ऑइल (आतले भाग गंजू नयेत म्हणून फवारायचे तेल) मारून, इंजिन हाताने काही वेळा फिरवावे आणि एक-दोन दिवसांत ते दुकानात पोहोचवावे. पुढच्या शनिवार-रविवारची वाट पाहू नये. क्रँककेस फोडणे, क्रँक तपासणे आणि बहुतेक इंजिनांत पंपाचे आतले सील बदलणे ही घरची कामे नव्हेत, कारण त्यांना खास पुलर (भाग ओढून काढायचे हत्यार), प्रेस आणि नंतर क्रँककेसची गळतीचाचणी लागते.

हेड मर्यादेपलीकडे वाकले असेल, तडा दिसत असेल किंवा बोल्टचे आटे गेले असतील, तर मशीन शॉपमध्येच जावे. हीट एक्सचेंजर उकलला असेल तर अॅल्युमिनियमचे टिग वेल्डिंग जाणणारा माणूस हवा, आणि आतले ग्लायकोल पूर्ण धुऊन वाळवल्याशिवाय त्याला ते काम देऊ नये. सिलिंडरची रेषा, भोके आणि पृष्ठभाग हे सगळे नीट तपासून घातलेले दुसरे नवे गॅस्केटही गळले, तर तिसरे विकत न घेता हेड आणि सिलिंडर गरम पाण्याच्या टाकीत दाबाखाली तपासून घ्यावेत. काही तडे थंड असताना मिटलेले असतात आणि फक्त उष्णतेत उघडतात. ते घरी सापडत नाहीत.

कारण सापडेपर्यंत गाडी तळ्यावर किंवा वस्तीपासून दूरच्या ट्रेलवर नेऊ नये. कूलंट संपल्यावर टू-स्ट्रोक काही मिनिटांत जॅम होते, आणि उणे पंचवीसला तिथून चालत परतणे हा इंजिनापेक्षा मोठा प्रश्न असतो.

दुकानात जाताना थंड पातळीच्या नोंदी, दाबाच्या चाचणीचे आकडे आणि कोणत्या सिलिंडरचा प्लग धुतलेला निघाला हे लिहून न्यावे. काढलेले हेड गॅस्केट किंवा ओ-रिंग न पुसता, वरची बाजू आणि पुढची दिशा मार्करने लिहून पिशवीत ठेवावी. वायू कुठून सुटला त्याचा काळा माग त्यावर उमटलेला असतो, आणि मेकॅनिक तो पाहून सरळपट्टी पहिल्यांदा कुठे ठेवायची ते ठरवतो.